रुग्णाच्या समाचारास जाताना



आपल्या पत्रिकेतील अभ्यासपाठात आजवर बहुधा स्तोत्रांचे अर्थ, व्रतांचे विधी अथवा संतचरित्रे असे विषय येत आले आहेत. या वेळी एक नित्याचा आचार विचारासाठी घेतला आहे. तो म्हणजे आजारी माणसाच्या समाचारास जाणे. हा आचार कोणत्याही पोथीत पाठ करावा लागत नाही. तो घरातच शिकला जातो. कोणी अंथरूण धरले आहे असे कानी पडले की वडीलधारी माणसे काठी हाती घेऊन निघतात, सोबत दोन फळे व देवाचा अंगारा असतो. आपल्यासारख्या, होळकरांच्या राज्यात येऊन पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात राहिलेल्या कुटुंबांना तर या आचाराचे महत्त्व विशेष आहे. पुण्या-नागपुराकडील सख्खा नातलग गाडी पकडून येईपर्यंत मंदिराची मंडळी हेच आपले नातलग असतात.

तथापि साथीच्या काळात हाच आचार कसा पाळावा, याविषयी आपण नीट विचार केलेला नाही. २०२० व २०२१ या वर्षांनी तो विचार करण्याची वेळ आपल्यावर आणली होती. त्या वेळी आपल्यापैकी काहींनी भीतीने भेटीच बंद केल्या, तर काहींनी भक्तीच्या अथवा प्रेमाच्या भरात काहीच पथ्य पाळले नाही. मी दुसऱ्या वर्गातला. मी वैद्य नव्हे, माझे शिक्षण बारावीपर्यंतच झालेले आहे. परंतु माझ्या हातून जे घडले, आणि त्यानंतर डॉक्टर, परिचारिका व पुस्तके यांच्याकडून जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवणे मला कर्तव्य वाटते.

माझ्या हातून घडलेले

एप्रिल २०२१. रामनवमी त्या वर्षी २१ तारखेस होती. मंदिर दर्शनार्थींसाठी बंद होते. वडील एकटेच नित्यपूजा करीत. नवमीच्या चार दिवस आधी एका ज्येष्ठ सभासदांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सारे काकू म्हणतो, मंदिराच्या दाराशी आल्या. काका सहा दिवसांपासून रुग्णालयात होते आणि भेटीस कोणालाही सोडत नव्हते. काकू म्हणाल्या, “बाळ, तुझी तिथे ओळख आहे म्हणतात. एवढा अंगारा त्यांच्या कपाळाला लाव, आणि चमचाभर तीर्थ दे. मग मला काही मागायचे नाही.”

मी हो म्हटले. वडिलांना विचारले नाही, कारण ते नको म्हणतील हे मला ठाऊक होते. एका ओळखीच्या माणसाने मला मागच्या जिन्याने वर सोडले. तोंडावर कापडी मास्क होता, पण काकांनी ओळखावे म्हणून तो मी हनुवटीखाली ओढला. अंगारा लावला. तीर्थ देण्यासाठी काकांनी स्वतःच प्राणवायूचा मुखवटा बाजूला केला. तेवढ्यात उशाशी असलेले यंत्र वाजू लागले व एक सिस्टर धावत आल्या. त्यांनी मुखवटा पुन्हा नीट बसविला, माझ्याकडे पाहिले आणि इतकेच म्हणाल्या, “दादा, तुम्ही यांना काय देत होतात ते मला ठाऊक आहे. पण तुम्ही त्यांचा श्वास काढून घेत होतात.”

रामनवमीच्या दिवशी मला ताप भरला. त्यानंतर दोन दिवसांनी वडिलांना. तो मजपासूनच त्यांना झाला असे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही, परंतु त्या पंधरवड्यात वडील घर आणि गाभारा यांखेरीज कोठेही गेले नव्हते. त्यांना अकरा दिवस रुग्णालयात राहावे लागले. श्रीकृपेने व डॉक्टरांच्या परिश्रमाने ते परतले. मात्र पूर्वी ते मंत्रपुष्पांजली ज्या दमात म्हणत तो दम आता राहिलेला नाही. मध्ये थांबावे लागते. नित्य येणाऱ्या मंडळींच्या हे लक्षात आलेच असेल.

काका मात्र परतले नाहीत. काकू आजही मला म्हणतात, “तू गेलास म्हणून शेवटी त्यांना तीर्थ मिळाले.” त्यांच्या या बोलण्यावर मला आजतागायत उत्तर सुचलेले नाही. त्यांची ओढ खोटी नव्हती. माझी वाट मात्र चुकीची होती. ओढ खरी असेल तर तिला योग्य वाट दाखविली पाहिजे, एवढ्यासाठीच हा पाठ.

भेटीस येणाऱ्यांमुळे पसरलेली साथ

भेटीस जाणाऱ्या माणसांमुळे साथ कशी वाढते याचा एक मोठा दाखला दक्षिण कोरिया देशातील आहे. त्या देशातही आपल्यासारखीच रीत होती. घरातील माणसे रुग्णाच्या खाटेशेजारी राहून त्याची शुश्रूषा करीत आणि आप्तेष्ट मोठ्या संख्येने समाचारास येत. मे २०१५ मध्ये मध्यपूर्वेतून परतलेल्या एका माणसाबरोबर ‘मर्स’ नावाचा श्वसनाचा रोग तेथे आला. निदान होण्यापूर्वी तो रुग्ण एकाहून अधिक रुग्णालयांत जाऊन आला होता. पुढे देशात एकूण १८६ जणांना बाधा झाली व ३८ दगावले. बाधितांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसे रुग्णाचे नातलग, शुश्रूषा करणारे किंवा समाचारास आलेले होते. एका मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात तर एकाच रुग्णापासून ऐंशीहून अधिक जणांना संसर्ग झाला. आजाराची तपासणी करण्यास गेलेल्या तज्ज्ञांनी गर्दीचे विभाग, अनेक खाटांच्या खोल्या व समाचारास येण्याची ही रीत, या सर्वांकडे बोट दाखविले. त्यानंतर तेथे भेटीच्या वेळा व संख्या मर्यादित करण्याचा प्रयत्न झाला.

दूरच्या देशाचे कशाला, आपल्या देशातील सिलिगुडी येथे २००१ साली निपाह रोगाचा उद्रेक झाला. त्यात ६६ जणांना बाधा झाली व ४५ जण मृत्यू पावले. बाधितांतील चारांपैकी तीन रुग्णालयाचे कर्मचारी अथवा रुग्णाच्या भेटीस गेलेले लोक होते. त्या वेळी हा कोणता रोग आहे हेही कोणास कळलेले नव्हते. म्हणजे ज्या माणसांनी आपले भेटीचे कर्तव्य केले, त्यांतील कित्येकांना त्या कर्तव्यानेच गाठले.

एक शंका व तिचे उत्तर

येथे कोणी विचारील, मग ज्या थोरांनी साथीत जिवाची पर्वा न करता सेवा केली, ते चुकले की काय? १८९७ साली पुण्यात प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना त्या रोगाने गाठले आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यापुढे आपले मस्तक नम्रच होते. परंतु दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली ही की, ज्यांना कोणी हात लावीत नव्हते त्यांना औषधापर्यंत पोहोचविण्यासाठी त्या गेल्या; त्यांच्या जाण्याने रुग्णाचे काम होत होते. दुसरी ही की, प्लेग उंदरांवरील पिसवांतून पसरतो हे त्यानंतरच्या वर्षी, १८९८ मध्ये, शास्त्रज्ञांच्या ध्यानात येऊ लागले. त्यांच्याजवळ ज्ञान नव्हते, धैर्य होते. आपल्याजवळ ज्ञान आहे. ते बाजूस ठेवून केवळ धैर्य दाखविणे हे धैर्य नव्हे. शिवाय श्वासाने पसरणाऱ्या रोगात आपण केवळ आपला जीव पणास लावीत नाही. वाटेत भेटणारा रिक्षावाला, घरातील वृद्ध आजी, शेजारच्या खाटेवरील अनोळखी रुग्ण, यांचा जीव आपण त्यांना न विचारता पणास लावतो.

श्रीमद्‌भगवद्‌गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देश, काल व पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न धरता केलेले दान ते सात्त्विक, असा त्यातील विचार आहे. भेट हेही एक दानच आहे. आपण आपला वेळ व आपली माया रुग्णास देतो. तेव्हा तेथेही देश, काल, पात्र पाहिलेच पाहिजे. ‘मी गेलो नाही तर लोक काय म्हणतील’ म्हणून दिलेली भेट ही रुग्णासाठी नसते, आपल्यासाठी असते. प्रत्येक भेटीपूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : माझ्या जाण्याने रुग्णाचे भले होणार आहे काय?

रोग कसा प्रवास करतो

पथ्ये पाठ करण्यापूर्वी त्यांचे कारण समजून घ्यावे, म्हणजे ती ओझे वाटत नाहीत. कोरोनासारखा रोग मुख्यतः श्वासातून पसरतो. बोलताना, खोकताना, गाताना, किंबहुना नुसता श्वास सोडतानाही तोंडानाकातून सूक्ष्म कण बाहेर पडतात. मोठे कण जवळच खाली पडतात. अतिसूक्ष्म कण उदबत्तीच्या धुराप्रमाणे हवेत तरंगत राहतात. दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीत उदबत्तीचा धूर जसा कोंडतो तसेच ते कोंडतात, आणि वारा खेळता असेल तर विरून जातात. २०२० च्या आरंभी आपण दुधाच्या पिशव्या व भाज्या पुनःपुन्हा धूत होतो, पण बंद खोलीत मास्क काढून एकत्र चहा घेत होतो. पुढे कळले की अधिक धोका त्या चहात होता.

दुसरी गोष्ट अशी की, बाधित माणसास लक्षणे दिसू लागण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासून त्याच्याकडून रोग पसरू शकतो. म्हणून ‘मला काहीच होत नाही’ हे पुरेसे प्रमाण नव्हे.

तिसरी गोष्ट हातांची. कित्येक रोगांचे जंतू हातावाटे खाटेच्या कठड्यावरून, दाराच्या मुठीवरून आपल्या डोळ्या-नाका-तोंडाशी येतात. रुग्णालयात हे विशेष खरे आहे, कारण तेथे नाना प्रकारचे रुग्ण एकत्र असतात.

भेटीची पथ्ये

निघण्यापूर्वी. रुग्णालयास दूरध्वनी करून नियम विचारावा व तो पाळावा. ओळखीने अथवा मागच्या जिन्याने कदापि जाऊ नये. मग रुग्णाची इच्छा विचारावी. थकलेला माणूस संकोचाने नाही म्हणत नाही, म्हणून त्याच्या घरच्यांकडून जाणून घ्यावे. आपल्याला ताप, खोकला, घसादुखी अथवा जुलाब असल्यास, घरात कोणी आजारी असल्यास, किंवा नुकताच बाधिताशी संपर्क झाला असल्यास जाऊ नये. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वयोवृद्ध आणि मधुमेहादी विकार असणारे यांनी साथीच्या दिवसांत शक्यतो दुसऱ्यास पाठवावे. उपलब्ध लस वेळेवर घ्यावी. सर्वांनी मिळून न जाता मंडळींनी वार वाटून घ्यावेत. एका वेळी एकच माणूस जावा.

मास्क. साथीत एन-९५ प्रकारचा मास्क वापरावा. तो अतिसूक्ष्म कणांपैकी किमान ९५ टक्के अडवितो, परंतु चेहऱ्यावर घट्ट बसला तरच. दोन्ही पट्ट्या डोक्यामागे लावाव्यात, नाकावरील पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून घ्यावी, श्वास सोडून कडेने वारा निसटतो का ते पाहावे. दाट दाढी असल्यास तो नीट बसत नाही. ज्याला बाहेर वारा सोडणारी झडप असते तो मास्क घेऊ नये; त्याने आपला श्वास न गाळता रुग्णाकडे जातो. पुढच्या भागास हात लावू नये आणि काढताना पट्ट्यांना धरूनच काढावा. बोलण्यासाठी, ओळख पटविण्यासाठी, मंत्र म्हणण्यासाठी तो खाली ओढू नये. रुग्ण आपला आवाज ओळखतो.

हात. चार वेळा आठवण ठेवावी : खोलीत शिरण्यापूर्वी, रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी, रुग्णास अथवा त्याच्या खाटेस स्पर्श झाल्यावर, आणि बाहेर पडल्यावर. साबण व पाण्याने किमान २० सेकंद, बोटांच्या बेचक्या, अंगठे व नखे यांसह हात धुवावेत. सॅनिटायझरमध्ये किमान ६० टक्के अल्कोहोल असावे व ते हातावर वाळेपर्यंत चोळावे. हात मळलेले असतील तर साबणच हवा. जुलाब-उलटीच्या काही रोगांचे जंतूही सॅनिटायझरला दाद देत नाहीत. अंगठ्या, कडी, मनगटावरील जुने दोरे घरी ठेवावेत.

खोलीत. खाटेवर बसू नये, दिलेल्या जागी बसावे. कर्मचाऱ्यांची संमती असेल तर खिडकी उघडी ठेवावी. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. वाफ देणे, घशातील कफ यंत्राने ओढणे अशा उपचारांच्या वेळी बाहेर थांबावे, कारण त्या वेळी हवेत कण अधिक उडतात. तेथे काही खाऊपिऊ नये, कारण खाण्यासाठी मास्क काढावाच लागतो. नळ्या, यंत्रे, प्राणवायूचा मुखवटा यांस आपण होऊन हात लावू नये. रुग्णास अलग खोलीत ठेवले असेल आणि अंगरखा, हातमोजे घालावयास सांगितले, तर ते घालणे व काढणे परिचारिकेच्या देखरेखीखालीच करावे. चूक बहुधा काढताना होते.

परतल्यावर. हात धुवावेत, कपडे बदलून धुण्यास टाकावेत, मोबाईल पुसून घ्यावा. रुग्णालयातून थेट मंदिरात, भजनात अथवा वृद्धांच्या सहवासात जाऊ नये. पुढील काही दिवस स्वतःवर लक्ष ठेवावे व लक्षणे दिसताच तपासून घ्यावे.

आपल्यास ही शिस्त परकी वाटू नये. गाभाऱ्यात शिरण्यापूर्वी आपण हातपाय धुतो, देवाला वाहावयाचे फूल हुंगत नाही, नैवेद्य झाकून नेतो. रुग्णाच्या खोलीत तोच भाव ठेवावा. मात्र एक भेद विसरता कामा नये. सोवळ्याच्या नावाखाली पूर्वी माणसे माणसांपासून तोडली गेली, तो दोष येथे शिरू देऊ नये. रुग्ण अपवित्र आहे म्हणून मास्क लावावयाचा नसतो. त्याचा श्वास आपल्याला आणि आपला श्वास त्याला बाधू नये, म्हणून लावावयाचा असतो. रोग हा कोणाचा अपराध नव्हे.

तीर्थ, प्रसाद व अंगारा

पुरोहिताच्या घरचा म्हणून हा भाग मी मोकळेपणाने लिहितो. पंचामृतात बहुधा न तापविलेले दूध, दही, मध व साखर असते; प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यास अथवा मधुमेह्यास ते अपायकारक होऊ शकते. तीर्थ अनेक हातांतून व एकाच पळीतून जाते. धाप लागलेल्या रुग्णास द्रव पदार्थ पाजला तर तो श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. अंगारा लावताना आपला हात त्याच्या नाकातोंडाजवळ जातो आणि त्याची भुकटी श्वासात जाऊ शकते. अतिदक्षता विभागात अनेक ठिकाणी फुलेही नेऊ देत नाहीत.

मग श्रद्धेचे काय करावे? वडिलांना मी हेच विचारले होते. ते म्हणाले, “तीर्थ घशाखाली उतरलेच पाहिजे असे नाही. रुग्णाच्या नावाने संकल्प करावा, अभिषेक करावा, आणि ते त्याला कळवावे. अंगाऱ्याची पुडी देवापुढे ठेवावी. बरा होऊन आला की त्याने स्वतः लावावी.” तेव्हापासून आपल्या मंदिरात अशा पुड्या रुग्णाचे नाव लिहून देव्हाऱ्याजवळ ठेवल्या जातात. ज्यांना प्रसाद द्यावयाचाच असेल त्यांनी डॉक्टरांना विचारून, बंद वेष्टनातील अथवा सोलून खाता येईल असे फळ परिचारिकेकडे सोपवावे.

काय बोलावे

शरीराची पथ्ये पाळूनही जिभेने अपाय होऊ शकतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात, रुग्णास पोकळ आशा दाखविणाऱ्या व न विचारता सल्ले देणाऱ्या पाहुण्यांवर एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला, पण आपण सुधारलो नाही. ‘अमक्याचेही असेच झाले होते’ ही कथा सांगू नये. कोण गेले याची यादी सांगू नये. काढे व गोळ्या सुचवू नयेत. घरची साधी खबर द्यावी : गाय व्याली, धाकटीची परीक्षा झाली, तुळशीला पाणी घातले. त्याला बोलावयाचे नसेल तर गप्प बसावे. गप्प बसणे हीदेखील भेट आहे.

जाता येत नसेल तेव्हा

भेट बंद असली तरी रुग्ण एकटा पडता कामा नये. वडील रुग्णालयात असताना मीही तापाने घरी होतो. त्या दिवसांत एक परिचारिका आपली पाळी संपली की पाच मिनिटे त्यांच्या कानाशी मोबाईल धरीत असे. आपल्यापैकी एक सभासद रोज सायंकाळी मंदिराच्या बंद दाराबाहेर उभे राहून आरती म्हणत व ती मोबाईलवरून त्यांना ऐकवीत. घरी परतल्यावर वडील म्हणाले, “मला कोणी भेटावयास आले नाही असे एक दिवसही वाटले नाही.” हे ऐकले तेव्हा मला काकांची आठवण झाली. त्यांनाही हे करता आले असते. त्या सिस्टरना मी फोनवर विनंती केली असती, काकूंचा आवाज त्यांच्या कानी पोहोचला असता, आणि प्राणवायूचा मुखवटा जागचा हलला नसता.

म्हणून अशा प्रसंगी मंडळींनी पुढील कामे वाटून घ्यावीत. डॉक्टरांशी बोलण्यासाठी घरातील एकच माणूस नेमावा व इतरांनी त्याच्याकडूनच समजून घ्यावे. सतरा जणांनी रुग्णालयात फोन केल्यास परिचारिकेचा वेळ रुग्णास मिळत नाही. रुग्णाशी बोलण्याची वेळ कर्मचाऱ्यांच्या सोयीने ठरवावी. मोठ्या अक्षरांत पत्र लिहून पाठवावे. बाहेर थांबलेल्या नातलगास डबा, चादर व रात्री दोन तासांची विश्रांती द्यावी. घरी राहिलेल्या वृद्धांची औषधे, मुलांचे दूध, विजेचे बिल पाहावे. आणि रुग्ण घरी परतला की विसरू नये. खरा एकटेपणा कित्येकदा त्यानंतरच सुरू होतो.

अखेरची भेट

आशा मावळली असे डॉक्टर सांगतात, तेव्हा नियम मोडण्याचा मोह सर्वांत प्रबळ असतो. तेव्हाही मागचा जिना शोधू नये; समोरच्या दाराने लेखी विनंती करावी. अनेक रुग्णालये अशा वेळी जवळच्या एका माणसास संरक्षक पोशाखात काही क्षण आत सोडतात.

मार्च २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कोरोनाने मृत झालेल्यांविषयी ज्या सूचना दिल्या होत्या, त्यांत कर्मचाऱ्यांनी आवरण उघडून नातलगांस मुखदर्शन करू द्यावे, पार्थिवास स्पर्श न करता मंत्रपठण व तीर्थप्रोक्षण करता येईल, आणि अस्थी व रक्षा यांपासून धोका नाही, असे म्हटले होते. हे ठाऊक नसल्याने त्या दिवसांत कित्येक घरांनी अस्थीही आणल्या नाहीत. नियम कठोर असतात, पण पुष्कळदा त्यांत माणुसकीची जागा ठेवलेली असते. ती जागा विचारून घ्यावी लागते.

समारोप

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनास महामारी म्हटले आणि ५ मे २०२३ रोजी त्याविषयीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु तो विषाणू गेलेला नाही, क्षय व फ्लू आहेतच, आणि पुढची साथ कधी येईल हे सांगता येत नाही. तोवर हा आचार आपल्या अंगवळणी पडावा. समाचारास जाणे सोडू नये. मात्र जाण्यापूर्वी विचारावे, जाताना शुद्ध असावे, थोडा वेळ थांबावे, आणि जाता येत नसेल तर दुरून पोहोचावे.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या वर्षभरात आपण ज्या रुग्णांस भेटलो, त्यांतील कोणती भेट रुग्णासाठी होती आणि कोणती रीत म्हणून?

२. आपल्या घरात साथीच्या वेळी रुग्णालयाशी बोलणारा एक माणूस कोण असेल?

३. एन-९५ मास्क घरातील प्रत्येकास नीट लावता येतो काय? आज लावून पाहावा.

४. आपल्या ओळखीत असे कोण आहे की ज्याच्या समाचारास कोणीच जात नाही?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यास ते मंदिराच्या कार्यालयात कळवावे. वार वाटून घेण्यासाठी एक वही तेथे ठेवली आहे. त्या वहीत पहिले नाव काकूंनी लिहिले आहे.

सर्वांस आरोग्य लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.